आजारपणात गाव सोडल्यास रेशन बुडत नाही
आजारपणानंतर उपचारांसाठी मुलाकडे शहरात राहायला गेल्यास, शिधापत्रिका तिथे बदलून घेईपर्यंत धान्य मिळत नाही, हा जुना समज चुकीचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्रासह मोजक्या राज्यांत सुरू झालेली ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजना २०२२ पर्यंत देशभर पोहोचली. त्यानुसार अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थी, शिधापत्रिकेशी आधार जोडलेले असल्यास, कोणत्याही रास्त भाव दुकानात ई-पॉस यंत्रावर (बोटाच्या ठशासारख्या आधार पडताळणीचे दुकानातील यंत्र) ओळख पटवून धान्य घेऊ शकतो. प्राधान्य कुटुंबाला (या कायद्याखाली स्वस्त धान्यासाठी पात्र ठरलेल्या कुटुंबांचा एक गट) माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. त्यातील काही हिस्सा शहरात आणि उरलेला गावी राहिलेल्या माणसांनी तिथेच उचलला तरी चालते. आधीच खचलेल्या रुग्णाला ‘तुमच्या गावच्या दुकानात जा’ असे सांगून परत पाठवणे म्हणूनच अन्यायाचे आहे.