हातात कसब आहे, पण कागद नाही? पीएम विश्वकर्मा नोंदणी अशी करा

वीस वर्षं रंधा मारणारा सुतार कर्जासाठी बँकेत गेला, की पहिला प्रश्न येतो, 'काय करता?' दुसरा येतो, 'पुरावा काय?' आता पुरावा म्हणून कुणाच्या घराचा दरवाजा उचलून न्यायचा?

17 सप्टेंबर 2023 ला, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी, केंद्र सरकारने सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत हा पुरावा मिळतो: प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. गावात चर्चा मात्र असते ती 15,000 रुपयांच्या अवजारांची. माझ्या मते मोलाचं आहे ते ओळखपत्रच.

हा परवाना नव्हे, हेही सांगून टाकतो. विजेचं काम करणाऱ्या वायरमनला परवाना लागतो, कारण तिथं चुकीला माफी नसते. सुताराला किंवा शिंप्याला तसा परवाना लागत नाही, आणि हे कार्ड नसलं म्हणून कुणाचं दुकान बंद होणार नाही. वायरमन आणि प्लंबर तर या योजनेच्या यादीतच नाहीत.

यादीत 18 व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी ही ओळखीची नावं आहेतच. शिवाय मूर्तिकार आणि पाथरवट, टोपल्या-चटया-झाडू विणणारे, हार करणारे, बाहुल्या व खेळणी बनवणारे, कुलूप बनवणारे, हातोडा व अवजारं घडवणारे, शस्त्रं बनवणारे, होड्या बांधणारे आणि मासेमारीची जाळी विणणारेही बसतात. बरीच नावं बलुतेदारीतली असली, तरी आवश्यक कागदांत जातीचा दाखला नाही. बघितलं जातं ते काम.

अर्जदाराचं वय किमान 18 हवं आणि तो हातानं, अवजारांनी, स्वतःचा धंदा म्हणून ते काम करत असला पाहिजे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. त्यामुळे एकाच दुकानात बसणारे दोन लग्न झालेले भाऊ वेगवेगळे अर्ज करू शकतात. सरकारी नोकर आणि त्यांच्या कुटुंबातले लोक अपात्र. मागच्या 5 वर्षांत पीएमईजीपीसारख्या (स्वयंरोजगारासाठी कर्ज देणाऱ्या) सरकारी योजनेतून कर्ज घेतलं असेल, तरी अर्ज चालत नाही. मुद्रा (छोट्या धंद्यांसाठीची योजना) किंवा स्वनिधी (फेरीवाल्यांसाठीची योजना) यांचं कर्ज पूर्ण फेडलेल्यांना मात्र सूट आहे.

कागदपत्रं थोडीच लागतात: आधार, मोबाईल नंबर, बँकेचं पासबुक आणि रेशनकार्ड. रेशनकार्ड नसेल, तर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं. नोंदणी सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाइन सेवांच्या केंद्रात) होते आणि ती मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. अंगठा मशीनवर द्यावा लागतो, म्हणून अर्जदारानं स्वतः जायचं. गवंड्याच्या बोटांचे ठसे सिमेंटनं झिजलेले असतात, तेव्हा आधारातले ठसे आधी अद्ययावत करून घेतलेले बरे.

खरी कसोटी पुढे आहे. अर्जाची छाननी तीन पायऱ्यांवर होते: आधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, मग जिल्हा समिती, शेवटी छाननी समिती. शेजारणीनं शिंपीकाम लिहिलं म्हणून आपणही तेच लिहायचं, असं करू नका. घरात शिलाई मशीन नसताना शिंपी म्हणून आलेला अर्ज पहिल्याच पायरीवर अडकू शकतो, आणि अडकायलाच हवा. नाहीतर खऱ्या शिंप्याच्या कार्डाला किंमत काय राहील?

मंजुरीनंतर कौशल्य तपासणी आणि 5 ते 7 दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण असतं. पुढचं प्रगत प्रशिक्षण 15 दिवसांचं असतं आणि ते ऐच्छिक आहे. दोन्हीत दिवसाला 500 रुपये भत्ता मिळतो. रोजंदारी बुडते त्या मानानं तो कमीच, पण काही नसण्यापेक्षा बरा. अवजारांचे 15,000 रुपयांपर्यंतचे पैसे ई-व्हाउचरच्या, म्हणजे अवजारखरेदीच्या डिजिटल कूपनच्या, रूपात येतात.

मूलभूत प्रशिक्षण झालं, की 1 लाख रुपयांपर्यंतचं कर्ज विनातारण मिळू शकतं. व्याज 5 टक्के, फेड 18 महिन्यांत. दुसरं कर्ज 2 लाखांपर्यंत असतं आणि त्याची मुदत 30 महिने. पण त्यासाठी पहिल्या कर्जाचे हप्ते नियमित हवेत, शिवाय धंद्यात डिजिटल व्यवहार तरी हवेत किंवा प्रगत प्रशिक्षण तरी. तेव्हा कार्ड हातात आल्या दिवसापासून दुकानात क्यूआर कोड लावून ठेवा.