न्यूयॉर्कची आफ्रिकी दफनभूमी: दात आणि हाडे काय सांगतात

अमेरिकेतील गुलामगिरी म्हटली की दक्षिणेकडचे कापसाचे मळे आठवतात. पण आजच्या न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटन बेटावर डच वेस्ट इंडिया कंपनीने १६२० च्या दशकातच आफ्रिकी गुलाम आणले होते, आणि जंगलतोड, रस्ते, किल्ल्याची बांधकामे त्यांच्याकडूनच करवून घेतली होती. १६४४ मध्ये त्यांपैकी अकरा जणांना सपत्नीक ‘अर्धस्वातंत्र्य’ मिळाले. जमीन मिळाली, मात्र दरवर्षी कंपनीला धान्य आणि एक धष्टपुष्ट डुक्कर द्यायचे, शिवाय त्यांची मुले, अगदी पुढे जन्माला येणारीसुद्धा, गुलामच राहणार! या अटीतला निर्दयपणा कोणत्याही टिप्पणीविना कळतो.

१६६४ मध्ये ही डच वसाहत इंग्रजांकडे गेली. १६९७ मध्ये ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात कृष्णवर्णीयांच्या दफनास बंदी केली, तेव्हा त्यांचे मृतदेह शहराबाहेरच्या जागेत पुरले जाऊ लागले. पुढे शहर वाढले, जागेवर भराव पडला, इमारती उभ्या राहिल्या. १९९१ मध्ये सरकारी कार्यालयाच्या पायाचे खोदकाम सुरू असताना तेथे मानवी अवशेष सापडले. चारशेहून अधिक व्यक्तींचे अवशेष बाहेर काढल्यावर कृष्णवर्णीय नागरिकांनी तीव्र निषेध करून खोदकाम थांबवायला लावले. त्यानंतर हॉवर्ड विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ मायकेल ब्लेकी यांच्या नेतृत्वाखाली अभ्यास झाला आणि २००३ मध्ये ते अवशेष सन्मानपूर्वक त्याच जागी पुन्हा पुरण्यात आले.

अभ्यासाचा मोठा आधार दातांचा होता. दातावरचे एनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण आवरण, बालपणी तयार होते आणि नंतर बदलत नाही. त्यामुळे त्यातील स्ट्रॉन्शियम या जमिनीतून अन्नपाण्यावाटे शरीरात येणाऱ्या धातूच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) प्रमाणावरून ती व्यक्ती कोणत्या प्रकारच्या भूप्रदेशात वाढली, याचा अंदाज बांधता येतो. कमरेभोवती काचमण्यांची माळ असलेल्या एका प्रौढ स्त्रीचे पुढचे दात कानशीने घासावेत तसे मुद्दाम आकार देऊन घडवलेले होते. ही आफ्रिकेतील प्रथा असल्याने तिचा जन्म तिकडचाच असावा, असे संशोधकांनी मानले. प्रौढांच्या हाडांवर, जेथे स्नायू जोडलेले असतात तेथे, अतिश्रमाच्या खुणा आढळल्या. जवळपास निम्मे अवशेष मुलांचे होते. आफ्रिकेत वाढलेल्यांच्या एनॅमलमध्ये शिसे अल्प होते, तर न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत ते स्पष्टपणे अधिक होते.