बंब लांबच काहून थांबला? रसायनाच्या आगींमागची पार्श्वभूमी

आमच्या तालुक्याच्या गावात एका पेरणीच्या हंगामात बाजार लाईनमधल्या एका कृषी केंद्राला आग लागली होती, दुपारची वेळ, शॉर्ट सर्किट की काय ते शेवटपर्यंत कोणाला समजलं नाही. नगर परिषदेचा बंब तसा लवकरच आला म्हणायचा, पण आला आणि दुकानापासून शंभर दीडशे फुटावर थांबला. पाईप काढला, पसरवला, पण पाणी काही सुरू होईना. एक वयस्कर फायरमन खाली उतरला, त्यानं आधी धूर कोणत्या बाजूनं जाऊन राहिला ते पाहिलं, बंब फिरवून वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावायला सांगितला आणि मग दुकानदाराला धरून विचारत बसला, आत काय काय आहे, कुठं ठेवलं आहे, किती आहे. इकडे लोक बोंबलून राहिले, "मारा ना बावा पाणी, पगार काहून घेता". दुकानदार घाबरलेला, आठवेल तसं सांगत होता, युरिया, डीएपी, फवारणीची औषधं, तणनाशकाचे डबे, आणि शेवटी हळूच म्हणाला की मागच्या कोपऱ्यात धान्यात टाकायच्या गोळ्यांचे डबेही आहेत. (त्या गोळ्या अशा कोणालाही विकायच्या नसतात, ते वेगळंच.) गोळ्यांचं नाव निघाल्याबरोबर फायरमननं पाईपवाल्या पोराला हातानं खूण केली, थांब.

त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. त्याला पाणी लागलं, नुसती दमट हवा लागली तरी त्यातून फॉस्फीन नावाचा विषारी गॅस निघतो, म्हणून तर ते पोत्यातल्या किड्यांना मारतं, आणि माणसालाही मारतं. वरून तो गॅस स्वतःच पेटू शकतो. म्हणजे आग विझवायला पाणी मारलं तर विझायच्या जागी दुसरंच काही व्हायचं. मग त्या दिवशी काय केलं तर आजूबाजूच्या दुकानांच्या भिंती आणि पत्रे पाण्यानं थंड ठेवले, पुढच्या भागात जिथं नुसती पोती आणि खोके जळत होते तिथं बारीक फवारा मारला, आणि मागचा कोपरा चक्क जळू दिला. एक ट्रॅक्टर ट्रॉली मुरूम मागवून दुकानापुढच्या नालीचं तोंड बुजवलं, तेव्हा तर लोकांना वाटलं हा माणूस येडाच झाला, आग कुठं आणि हा नाली कुठं बुजवून राहिला.

मला पण तेव्हा तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. नंतर याबद्दल वाचत गेलो तेव्हा समजलं की त्या दिवशी त्यानं केलेल्या एकेका गोष्टीमागं कुठं ना कुठं मेलेली माणसं आहेत, आणि त्यात अग्निशमनवालेच जास्त.

सुरुवात आपल्याच राज्यातून करू. १४ एप्रिल १९४४, मुंबईचं व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज. पोटात साधारण चौदाशे टन स्फोटकं, सोन्याच्या विटा, आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी. कापूस आणि आग यांचं नातं आपल्या इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही, जिनिंगमध्ये गंजीला लागलेली आग वरून विझलेली दिसते आणि आतल्या आत धुमसत राहते, कधी दोन दिवसांनी पुन्हा तोंड काढते. इथं तर त्याच जहाजात कापूस आणि दारूगोळा दोन्ही. दुपारी धूर दिसला, बंब आले, शेकडो टन पाणी ओतलं, पण मूळ आग सापडेना, आणि जहाज बंदराबाहेर न्यायचं की तिथंच बुडवायचं यावर साहेब लोकांचं बोलणंच चालू राहिलं. चार वाजून गेले आणि पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. त्यात ६६ अग्निशमन जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो तो याच्यासाठी. आपल्याकडे १४ एप्रिल म्हटलं की सगळा विदर्भ निळा असतो, दीक्षाभूमीवर गर्दी असते, त्यामुळं त्याच दिवशी फायर स्टेशनवर हार घालतात तो कशाचा हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, मलाही नव्हतं.

तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ ला, अमेरिकेत टेक्सस सिटीच्या बंदरात जवळपास तसंच झालं, फक्त स्फोट दारूगोळ्याचा नव्हता, खताचा होता. अमोनियम नायट्रेट. नारिंगी रंगाचा धूर निघत होता म्हणून लोक पोराबाळांना घेऊन पाहायला आले. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात २८ जण होते, त्यातले २७ मेले. अमोनियम नायट्रेट स्वतः ऑक्सिजन सोडतं, त्यामुळं हवा बंद करून ती आग गुदमरत नाही, उलट बंद जागेत तापलं तर फुटतं. (युरिया आणि हे एक नाही, युरियाच्या पोत्यामुळं दुकान उडत नाही, उगाच घाबरू नका.) आपल्याकडे अमोनियम नायट्रेटसाठी स्वतंत्र नियम यायला २०१२ उजाडलं. आणि तरीही २०२० मध्ये बैरूतला २७५० टन माल बंदरात पडून होता, त्या गोदामाची आग विझवायला गेलेले दहाही अग्निशमनवाले परत आले नाहीत. शिकलेलं विसरायला माणसाला वेळ लागत नाही.

गॅसचा धडा वेगळा. ५ जुलै १९७३, ॲरिझोनातलं किंगमन गाव, रेल्वेच्या टँकरमधून प्रोपेन उतरवताना आग लागली. टाकीत खाली द्रव असतो तिथला पत्रा द्रवामुळं थंड राहतो, पण वरच्या रिकाम्या भागावर ज्वाळा लागली की तिथला पत्रा मऊ पडतो आणि टाकी फाटते, मग आतला सगळा गॅस एका क्षणात बाहेर येऊन आगीचा गोळा होतो. अकरा अग्निशमनवाले गेले, जवळ जाऊन पाण्याची तयारी करत होते तेवढ्यात. त्यामुळं आता अशा टँकरला आग असेल तर चारी बाजूंनी १६०० मीटर, म्हणजे दीड किलोमीटरच्या वर, माणूस ठेवू नका असं हाताळणीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. दीड किलोमीटर म्हणजे आपल्याकडं एका फाट्यापासून जवळपास अख्खं गाव. इथं टँकर उलटला की फाट्यावरचा चहावाला सुद्धा ठेला हलवत नाही, गिऱ्हाईक वाढते ना.

टँकरचं निघालंच आहे तर मागच्या बाजूला ती नारिंगी पाटी असते तिच्याबद्दल. रोज पाहतो आपण, वाचत कोणी नाही. ती पद्धत लंडनच्या अग्निशमन दलात सत्तरच्या दशकात निघाली, कारण गाडीत काय आहे हे ड्रायव्हरला विचारावं तर ड्रायव्हर एक तर बेशुद्ध किंवा पळालेला, मग त्यांनी ठरवलं की काय आहे यापेक्षा काय करायचं तेच गाडीवर लिहा. पेट्रोलच्या टँकरवर बघा, ३ वाय ई लिहिलेलं असतं आणि खाली १२०३. तीन म्हणजे फोम वापरा, पाण्याची धार नको, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग घेऊन नालीनं पुढं जातं. वाय म्हणजे श्वासाचं यंत्र लावा, भडका उडू शकतो, आणि माल वाहून जाऊ देऊ नका, अडवा. ई म्हणजे लोकांना हटवायचा विचार करा. १२०३ हा पेट्रोलचा जगभर एकच असलेला नंबर, क्लोरीनचा १०१७, अमोनियाचा १००५. भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ही पाटी आली, ड्रायव्हरजवळ मालाची माहिती देणारं कार्ड आणि प्रशिक्षण हेही त्यातच. पाटी लावतात, पण कधी चिखलानं भरलेली, कधी मागच्या खेपेच्या मालाचीच, आणि टँकर उलटला की पोट्टे डबक्या कॅना घेऊन आधी पोचतात. पाकिस्तानात बहावलपूरजवळ जून २०१७ मध्ये असंच पेट्रोल गोळा करताना दोनशेच्या वर माणसं जळाली. समृद्धी महामार्ग झाल्यापासून आपल्याकडची टँकरची वाहतूक कुठून कुठं जाते ते वेगळं सांगायला नको.

आता भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र, युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून मिथाईल आयसोसायनेट हा विषारी गॅस सुटला. हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून जास्त लिहीत नाही, पण अग्निशमनाच्या बाजूनं एक गोष्ट राहून जाते. त्या रात्री कारखान्यात गॅसवर पाण्याचे फवारे मारले होते, पण गॅस निघत होता तितक्या उंचीवर पाणी पोचतच नव्हतं. आणि बाहेरच्या लोकांना कोणी साधं एवढं सांगितलं नाही की तोंडावर ओलं फडकं धरा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेनं निघा, लोक गॅसच्याच दिशेनं पळत राहिले. त्यानंतर कायदे आले, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८९ चे घातक रसायनांचे नियम, १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम, ज्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट असतो. कागदावर चांगलं आहे. पण १९८९ च्या नियमात साठवणुकीची मर्यादा असते, अमोनियासाठी ती ६० टनांपासून सुरू होते, आणि आपल्या तालुक्यातलं कोल्ड स्टोरेज किंवा बर्फाचा कारखाना त्याच्या आसपासही येत नाही. नगर परिषदेच्या पाण्याच्या फिल्टरवरचं क्लोरीनचं सिलिंडर तसंच. म्हणजे मोठ्या कारखान्याचा प्लॅन कलेक्टर ऑफिसच्या कपाटात आहे, आणि गावाला लागून जे आहे त्याचा कुठंच नाही. तिथं गेलेल्या फायरमनला हे पण आठवावं लागतं की अमोनिया हवेपेक्षा हलका आणि पाण्यात विरघळणारा, त्याच्या ढगावर फवारा चालतो, पण क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, ते खड्ड्यात आणि नालीत जाऊन बसतं, आणि गळणाऱ्या जागेवर पाणी मारलं तर ॲसिड होऊन भोक मोठंच होतं.

नालीवरून त्या मुरुमाच्या ट्रॉलीवर परत येतो. १ नोव्हेंबर १९८६, स्वित्झर्लंडमधलं बासेल, सँडोझ कंपनीचं शेती औषधांचं गोदाम पेटलं. अग्निशमनवाल्यांनी मन लावून आग विझवली, भरपूर पाणी मारलं, आणि ते सगळं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईन नदीत गेलं. नदी लाल झाली, मासे तर मेलेच, वाम मासे ढिगानं मेले, खालच्या देशांमधले पाणीपुरवठे बंद करावे लागले. आग विझली, नदी मेली. त्यानंतर विझवायला मारलेलं पाणी कुठं जाईल हा प्रश्न अग्निशमनाच्या अभ्यासात कायमचा शिरला. आमच्या बाजार लाईनची नाली पुढं ज्या नाल्याला मिळते त्यावर तीन गावांची गुरं पाणी पितात.

या सगळ्यात गंमत अशी की हे शिकवणारी देशातली मोठी संस्था आपल्याच नागपुरात आहे. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. देशभरातले सब-ऑफिसर तिथं घडतात. स्फोटकं आणि पेट्रोलियमचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालयही नागपूरलाच. आणि धोकाही आजूबाजूलाच, पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री आग लागली, त्यात लष्कराचे अधिकारी, जवान आणि तिथलेच अग्निशमन कर्मचारी गेले, कित्येक किलोमीटरवर गावांत भांडी पडली. पण राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हा नगरपालिकांचा विषय, त्यामुळं खेड्याला स्वतःचं अग्निशमन नाही, तालुक्याची नगर परिषद पाठवेल तोच बंब. एमआयडीसीची स्वतःची केंद्रं असतात, बुटीबोरीला आहे, पण आमच्यापासून ते किती लांब. केमिकल सूट, म्हणजे पूर्ण सीलबंद, आत हवेचं सिलिंडर, तो आमच्या बंबावर मी तरी पाहिला नाही. असता तरी मे महिन्यात ४५ डिग्रीला त्यात वीस मिनिटं काम करणं म्हणजे आतल्या आत शिजणं, त्यामुळं सूट घालणाऱ्याइतकेच बाहेर त्याला बदली करणारे लोक लागतात, आणि इथं अख्ख्या पाळीत माणसं तीन.

तरीही यवतमाळच्या २०१७ नंतर थोडा फरक पडला असं मला वाटतं. त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात, तेव्हा गावोगावी समजलं की औषध नुसतं पोटातून नाही, कातडीतून आणि कपड्यातूनही जातं. अंगावरचं असं विष आधी उतरवायला अग्निशमनवाल्यांच्या भाषेत दूषितपणा काढणं म्हणतात, घटनास्थळावरून आलेला माणूस आधी कपडे काढून धुवायचा, मगच गाडीत बसवायचा, नाही तर विष गाडीतून दवाखान्यात आणि तिथून नर्सच्या हाताला.

त्या दिवशी संध्याकाळी आग निवली तेव्हा त्या वयस्कर फायरमननं हेच केलं. गणवेश काढून प्लास्टिकच्या पोत्यात बांधला, बंबाच्या मागं चड्डीवर बसला आणि पाईपवाल्या पोरानं त्याच्यावर पाणी सोडलं, साबण समोरच्या किराणावाल्यानं दिला. पोट्टे हसत होते, मोबाईलवर शूटिंग चालू होतं. जाताना तो दुकानदाराला सांगून गेला की तीन दिवस राखेला हात लावू नको, मागच्या कोपऱ्याकडं तर फिरकूच नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथून गेलो तर एकजण अर्धी जळालेली युरियाची पोती हातगाडीवर रचून राहिला होता. विचारलं तर म्हणे, "खतच हाय ना भाऊ, वावरात टाकून देतो, फुकट काहून घालवायचं."