क्षयरोगाला शरीराचा प्रतिकार

क्षयाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस, श्वासावाटे फुप्फुसात शिरल्यावर त्याला आवर घालण्यासाठी शरीरात होणाऱ्या घडामोडी. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू १८८२ मध्ये दाखवला. शरीर अनेकदा त्याला पूर्ण मारू शकत नाही, पण कोंडून ठेवते, आणि माणूस धडधाकट राहतो. हा सुप्त संसर्ग. त्यातून आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होणारे साधारण ५ ते १० टक्केच असतात. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या जिल्ह्यात हा कोंडमारा कशाने ढिला पडतो, हे समजून घेणे फार गरजेचे आहे.

रुग्ण खोकला की उडालेले तुषार हवेतच सुकतात आणि त्यांचे अतिसूक्ष्म कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, जंतूंना गिळतात. एरवी गिळलेला जंतू पेशीतल्या पाचक द्रव्यांच्या पिशवीत जाऊन संपतो. क्षयाचा जंतू मात्र तो ज्या पिशवीत गिळला गेला ती या पाचक पिशवीला मिळूच देत नाही. मेणचट, मेदयुक्त भित्तिकेमुळे तो चिवट असतोच. शिवाय भक्षक पेशीच्या आतच तो सावकाश, सुमारे २० तासांतून एकदा, दुभंगत राहतो.

प्रतिकाराची दुसरी फळी उशिरा जागी होते. डेंड्रायटिक पेशी, म्हणजे खबर पोचवणाऱ्या पेशी, जंतूचे अंश घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथे टी पेशींना (प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) त्यांची ओळख पटते. यात काही आठवडे जातात. मग त्यांच्यातल्या सीडी-४ प्रकारच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारे रसायन सोडतात, त्याने भक्षक पेशींना जोर येतो आणि त्या आतल्या जंतूला मारू लागतात. या झुंजीत प्रतिपिंडांचा (रक्तातल्या जंतूविरोधी प्रथिनांचा) वाटा दुय्यम, मुख्य भार पेशींवरच.

जे जंतू उरतात त्यांच्याभोवती पेशींचा वेढा पडतो. ही ग्रॅन्युलोमा नावाची गाठ. मधला भाग मरून पनीरासारखा भुसभुशीत होतो. तिथे प्राणवायू कमी, म्हणून जंतू निपचित पडून राहतात. वेढा टिकवायला टीएनएफ हे रसायन लागते. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी औषधे सुरू करण्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करून घेतात ती याचसाठी. आणि हीच गाठ फुटून श्वासनलिकेत मोकळी झाली की फुप्फुसात पोकळी पडते व थुंकीतून जंतू बाहेर येतात. पोकळी पडण्यात जंतूइतकाच शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचा हात असतो. एचआयव्हीमुळे सीडी-४ पेशी फार घटलेल्या रुग्णांत पोकळ्या कमी दिसतात, थुंकीत जंतूही बरेचदा सापडत नाहीत, तरी रोग मात्र शरीरभर पसरतो.

टी पेशींना पटलेली जंतूची ओळख मांटू या संसर्ग तपासण्याच्या चाचणीत डोळ्यांना दिसते. हाताच्या पुढच्या बाजूला कातडीतच ०.१ मिलिलिटर ट्युबरक्युलिन (क्षयाच्या जंतूपासून काढलेली प्रथिने) टोचतात, लगेच बारीक फुगवटा येतो. ४८ ते ७२ तासांनी बोटाने चाचपून कडकपणाच्या कडा पेनाने आखतात आणि आडवे माप घेतात. लाली मोजायची नसते. सर्वसाधारणपणे १० मिलिमीटर किंवा जास्त कडकपणा म्हणजे संसर्ग झालेला असण्याची शक्यता. रोग आहे असा त्याचा अर्थ नव्हे. हा फरक घरच्यांना नीट समजावून सांगायलाच हवा, नाहीतर विनाकारण धास्ती बसते. जन्मल्यावर डाव्या दंडावर देतात ती बीसीजी लस लहान मुलांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून चांगले संरक्षण देते, पण मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयाविरुद्ध तिचा भरवसा देता येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल–हातकणंगले पट्ट्यातल्या फाउंड्रींत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत, साचे वाळूचे असतात. साचा फोडताना आणि ओतीव भाग घासून साफ करताना सिलिकाची बारीक धूळ उडते. भक्षक पेशी हे कणही गिळतात, पण पचवू शकत नाहीत. कणाने आतली पाचक पिशवी फाटते आणि पेशीच मरते. म्हणजे जंतूला आवरणारी पहिलीच फळी धुळीने खचते. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, झालेल्या कामगाराला क्षयाचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो आणि काम सोडल्यावरही तो धोका जात नाही. म्हणून अशा कामगाराचा खोकला दोन आठवडे टिकला तर ‘धुळीचाच आहे’ म्हणून सोडून देऊ नये. थुंकी तपासून छातीचा एक्स-रे काढावा. वाळू ओली ठेवणे आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवणे हेसुद्धा क्षयप्रतिबंधच आहेत.

मधुमेहात क्षयाचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो, कारण भक्षक व टी पेशी दोन्ही मंदावतात. कुपोषणानेही तेच होते. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातले नवे क्षयरुग्ण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. थुंकीत जंतू असलेल्या रुग्णाच्या घरातल्या माणसांना, सक्रिय रोग नाही याची खात्री करून, प्रतिबंधक औषध दिले जाते: सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आयसोनियाझिड–रिफापेंटिनचे आठवड्याला एक असे १२ डोस.