‘सेटल’ झालेले कर्ज आणि बँकेतील नोकरी : पार्श्वभूमी

बँकभरतीची तयारी करणाऱ्या कोकणातील मुलांना आता अभ्यासाबरोबर स्वतःचा पतअहवालही (घेतलेले कर्ज कसे फेडले याची नोंद) सांभाळावा लागतो. पूर्वी रुजू होताना शैक्षणिक दाखले, पोलीस पडताळणी आणि दोन प्रतिष्ठितांचे शिफारसपत्र एवढे पुरत असे. घरावर कर्ज आहे हे वाडीला ठाऊक असले, तरी ते नेमणुकीच्या कागदांत येत नसे. देशातील पहिली पतमाहिती कंपनी 2000 मध्ये स्थापन झाली, 2005 मध्ये अशा कंपन्यांसाठी कायदा आला, आणि त्या कंपनीचे लघुनाम ‘सिबिल’ हे बोलीत कर्जफेडीवरून मिळणाऱ्या गुणांकाचेच नाव होऊन बसले.

नोकरीच्या जाहिरातींतील अट मात्र सर्वत्र सारखी नाही, आणि सगळा गोंधळ तिथेच आहे. सरकारी बँकांच्या सामाईक भरतीत काही काळ 650 गुणांचा उल्लेख होता. पुढे तो आकडा वगळला गेला. रुजू होताना पतइतिहास निकोप असावा, आणि प्रतिकूल नोंद असल्यास येणे बाकी नसल्याचा कर्जदात्याचा दाखला आणावा, एवढे राहिले. देशातील सर्वांत मोठ्या सरकारी बँकेची, म्हणजे स्टेट बँकेची, 2020 च्या जाहिरातीतील अट याहून कडक होती. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी केल्याची नोंद असलेला उमेदवार तिथे नेमणुकीस अपात्र ठरत होता. म्हणजे एक अट आज काय देणे आहे हे विचारते, तर दुसरी कधी काय थकले होते हे विचारत होती.

‘कर्ज मिटले’ असे आपण म्हणतो तेव्हा हा फरक बुजतो. पूर्ण फेडलेले खाते अहवालात ‘क्लोज्ड’ दिसते; बँकेने काही रक्कम सोडून तडजोड केली असेल, तर ‘सेटल्ड’. हप्ता किती दिवस थकला हे महिनावार चौकटींत छापलेले असते : 000, 030, 060, 090. बँकेकडून पत्र मिळाले म्हणून निर्धास्त झालेल्या उमेदवाराच्या अहवालात त्या चौकटी तशाच राहतात, कारण पतमाहिती किमान सात वर्षे जपणे बंधनकारक आहे. शैक्षणिक कर्जात तर विद्यार्थी स्वतःच कर्जदार असतो आणि पालक सहकर्जदार. त्यामुळे शिक्षण संपल्यावर नोकरी लागेपर्यंत चुकलेला हप्ता थेट त्याच्याच नावावर चढतो.

जून 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नेमका हाच प्रश्न निकाली काढला. जाहिरात निघाली त्या दिवशी आपले काहीच देणे नव्हते, असे स्टेट बँकेतील अधिकारीपदाची नेमणूक 2021 मध्ये रद्द झालेल्या उमेदवाराचे म्हणणे होते. न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली : जनतेचा पैसा हाताळणाऱ्याला आर्थिक शिस्त हवी, आणि अट वाचून अर्ज करणाऱ्याला ती नंतर नाकारता येणार नाही. तिजोरी सांभाळणाऱ्याच्या व्यवहाराची चौकशी व्हावी, हे मान्यच आहे. परंतु बेफिकिरीने थकवलेले कार्ड आणि वादळाने थकवलेला हप्ता यांना एकाच अटीत बसवणे न्याय्य वाटत नाही.

3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या मुळासकट आडव्या केल्या. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ने उरल्यासुरल्या आंब्याचा हंगाम झोडपला. नवी पोफळ उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षे जातात. वाडीच्या कर्जाला मुलगा सहकर्जदार किंवा जामीन राहिला असेल, तर त्या काळातील थकबाकी त्याच्याही अहवालात येते.

एप्रिल 2024 पासून, तक्रारीनंतर 30 दिवसांत नोंद दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. पण हा दिलासा चुकीच्या नोंदीपुरता आहे. खऱ्या थकबाकीचे कारण सांगण्याची सोय अहवालात अगदी थोडी आहे. बँकेने आपत्तीनंतर कर्जाचे पुनर्गठन केले असेल, तर ‘नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठित’ अशी वेगळी नोंद होऊ शकते. पुनर्गठन न मागता दोन वर्षांनी तडजोड केलेल्या बागायतदाराच्या खात्यावर मात्र वादळाचा उल्लेख येत नाही. तिथे फक्त ‘सेटल्ड’ असते.