उष्णकटिबंधीय वर्षावन : हवामानबदलाच्या काळातील संशोधन आणि संवर्धन

विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना, जिथे हिवाळा असा नसतोच आणि वर्षातले बहुतेक महिने पाऊस पडतो, तिथल्या उंच, दाट, सदाहरित अरण्याला उष्णकटिबंधीय वर्षावन म्हणतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी १८९८ मध्ये ही संज्ञा रूढ केली. ॲमेझॉनचे खोरे, काँगोचे खोरे आणि मलायापासून न्यू गिनीपर्यंतचा द्वीपसमूह हे वर्षावनांचे तीन मोठे पट्टे होत. मध्य अमेरिका, मादागास्करचा पूर्व किनारा, सह्याद्रीचा दक्षिण भाग, श्रीलंकेचा नैर्ऋत्य भाग आणि ईशान्य ऑस्ट्रेलिया येथे त्यांचे लहान पट्टे आहेत. जमिनीच्या जेमतेम ६–७ टक्के क्षेत्रावर ही वने उरली असली, तरी भूचर सजीवांच्या निम्म्याहून अधिक जाती त्यांत असाव्यात, असा अंदाज आहे.

वर्षावन राखायचे म्हणजे त्याची तोड थांबवायची, हा संवर्धनाचा अर्थ विसाव्या शतकात सर्वमान्य होता. सीमा आखावी, कुऱ्हाड आणि बंदूक बाहेर ठेवावी, बाकीचे अरण्य आपले आपण सांभाळेल, अशी त्यामागची समजूत. तिला गेल्या काही दशकांत तडे गेले आहेत. पनामातील एका संरक्षित अरण्यात १९७७ ते २०२० या काळात जाळी लावून पक्षिगणना करण्यात आली. पुरेशी माहिती मिळालेल्या ५७ जातींपैकी ४० जातींची संख्या घटली होती. ब्राझीलमधील मनौस शहराच्या उत्तरेच्या वनात ७७ निवासी जातींच्या पक्ष्यांची चार दशकांची वजने पडताळली, तेव्हा बहुतेकांचे सरासरी वजन उतरत गेल्याचे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. दोन्ही ठिकाणी झाडे जागच्या जागी उभी होती.

असे बदल डोळ्यांना दिसत नाहीत. ते वह्यांत दिसतात, तेही वही तीस-चाळीस वर्षे जपली तर. म्हणून वर्षावनांच्या संशोधनाचा कणा म्हणजे कायमस्वरूपी नमुना क्षेत्र. त्याचे नावाजलेले उदाहरण पनामातील बारो कोलोराडो बेटावर आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधले गेले, पाणी चढले आणि एका टेकडीचा माथा बेट होऊन उरला. १९२३ मध्ये ते संशोधनासाठी राखून ठेवले गेले. स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८० मध्ये तिथे ५० हेक्टरचे क्षेत्र आखले आणि १ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असलेल्या प्रत्येक खोडाला क्रमांकाचा बिल्ला लावून, जात ओळखून, त्याची नकाशावर नोंद केली. खोडे दोन लाखांहून अधिक भरली, जाती सुमारे ३००. १९८५ पासून दर पाच वर्षांनी ही गणना पुन्हा होते. मलेशियातील पासोह येथे तेवढ्याच क्षेत्रात आठशेहून अधिक जाती आढळल्या.

मोजणी सोपी वाटते, पण तशी नाही. खोडाचा व्यास जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर घ्यायचा असा संकेत आहे. मात्र वर्षावनातील थोराड झाडांची फळकुटासारखी आधारमुळे माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत चढलेली असतात. मग शिडी लावायची, मुळे जिथे संपतात त्याच्या वर फीत गुंडाळायची आणि त्या जागी रंगाची खूण करायची. पुढच्या खेपेला फीत वीतभर वर किंवा खाली लागली, तर झाड न वाढताच वाढलेले दिसते, किंवा चक्क आक्रसलेले. जगातील वर्षावने किती कार्बन शोषतात याचे जे आकडे आंतरराष्ट्रीय परिषदांत मांडले जातात, ते शेवटी अशा शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या नीटसपणावर अवलंबून असतात. उपग्रहांनी हे काम संपवलेले नाही. त्यांच्या प्रतिमांचा अर्थ लावण्यासाठीही जमिनीवरची मोजणी लागते.

या मोजणीतून आलेला सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतील २४४ आणि ॲमेझॉनमधील ३२१ नमुना क्षेत्रांच्या नोंदी एकत्र पाहिल्यावर असे दिसले, की मानवी हस्तक्षेप न झालेली वर्षावने हवेतील कार्बन शोषून घेतात खरी, पण त्यांची ही क्षमता १९९०च्या दशकात शिखराला पोहोचून नंतर उतरणीला लागली. २०१०च्या दशकात ती सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेली होती. घसरण ॲमेझॉनमध्ये आधी सुरू झाली, आफ्रिकेत उशिरा. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडांची वाढ जोमाने होते. मात्र उष्णता आणि अवर्षण हा फायदा हिरावून घेतात, शिवाय भराभर वाढणारी झाडे मरतातही लवकर. २००५, २०१०, २०१५–१६ आणि २०२३–२४ अशी तीव्र अवर्षणे ॲमेझॉनने वीस वर्षांत सोसली. मनौस येथे रिओ नेग्रो नदीच्या पातळीची नोंद १९०२ पासून ठेवली जाते; तिचा नीचांक २०२३ मध्ये मोडला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा मोडला. ब्राझीलच्या अवकाश संशोधन संस्थेतील लुसियाना गाती यांच्या गटाने दुसरी वाट धरली. २०१० ते २०१८ या काळात लहान विमानांतून अरण्यावरच्या हवेचे नमुने घेऊन त्यांनी दाखवले, की ॲमेझॉनचा आग्नेय भाग शोषतो त्यापेक्षा जास्त कार्बन सोडतो आहे.

अवर्षणाने झाड नेमके कशाने मरते, हे तपासायला निसर्गाची वाट पाहत बसणे परवडणारे नाही. ब्राझीलच्या पारा राज्यातील काशिउआना येथे २००२ पासून एक हेक्टर अरण्याच्या जमिनीवर पारदर्शक पत्र्यांचे छप्पर घालून खाली ठिबकणारे जवळपास निम्मे पाणी बाजूला वळवले गेले. पहिली काही वर्षे फारसे घडले नाही. मग मोठी झाडे पडू लागली. मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी चढते ते खोडातील सूक्ष्म वाहिन्यांतल्या अखंड धारेने. माती कोरडी झाली की ही धार ताणली जाते, तिच्यात हवेचे बुडबुडे शिरतात आणि वाहिनी निकामी होते. जितके झाड उंच तितका हा धोका मोठा. दोन दशकांत तिथला सुमारे एक तृतीयांश जैवभार, म्हणजे झाडांचे एकूण वजन, गेला, पण त्यानंतर घसरण थांबली, कारण उरलेल्या झाडांच्या वाट्याला जास्त पाणी येऊ लागले. म्हणजे वन टिकले, पण थोर वृक्षांवाचून. याला टिकणे म्हणायचे की नाही, यावर वाद घालता येईल.

उष्णतेचेही असेच शोध सुरू आहेत. बारो कोलोराडोवर जमिनीत तारा पुरून माती ४ अंशांनी तापवली, तेव्हा दोन वर्षांत तिच्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ५५ टक्क्यांनी वाढला. पानांच्या बाबतीत सुमारे ४६.७ अंश सेल्सिअस ही मर्यादा मानली जाते. तिच्यापुढे प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच मोडू लागते. अवकाश स्थानकावरील उपकरणाने केलेल्या तापमान-मापनावरून वृक्षछत्रातील ०.०१ टक्के पाने आजच कधीमधी ही मर्यादा ओलांडतात, असे २०२३ मध्ये सांगितले गेले. आकडा क्षुल्लक दिसतो, पण पान हवेपेक्षा बरेच अधिक तापू शकते आणि पाणी कमी पडले की स्वतःला गार ठेवण्याची त्याची सोय संपते. वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा फायदा झाडांना किती काळ मिळेल, या प्रश्नासाठी मनौसजवळ वृक्षांभोवती मनोऱ्यांची कडी उभारून तो वायू सोडण्याचा प्रयोग मांडला आहे. मध्य ॲमेझॉनची माती फॉस्फरसच्या बाबतीत दरिद्री आहे, त्यामुळे ही खुराक झाडांना पचेल का, हीच खरी शंका आहे.

वर्षावन पावसावर जगते तसे पाऊस घडवतेही. १९७०च्या दशकात ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी पावसाच्या पाण्यातील समस्थानिके, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, तपासून दाखवले, की अटलांटिकवरून आलेली वाफ ॲमेझॉनवर एकदा पडून संपत नाही. झाडे ती पुन्हा हवेत सोडतात आणि वारा ती पश्चिमेकडे नेत राहतो. पूर्वेकडे वन तोडले की पश्चिमेकडचा पाऊस घटण्याचा धोका यातूनच येतो. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय आणि ब्राझीलचे हवामानशास्त्रज्ञ कार्लोस नोब्रे यांनी २०१८ मध्ये इशारा दिला, की २०–२५ टक्के ॲमेझॉन तुटले की पूर्व, दक्षिण आणि मध्य भागांत वनाचे रूपांतर विरळ झाडोऱ्यात होऊ लागेल. २०२४ मधील एका विश्लेषणानुसार २०५० पर्यंत १० ते ४७ टक्के वन असे संक्रमण घडवू शकणाऱ्या ताणांच्या कचाट्यात सापडेल. १० आणि ४७ यांतले अंतर पाहता कोणताही एक आकडा लक्ष्मणरेषेसारखा धरण्यात अर्थ नाही. पावसाचे चक्र मात्र निरीक्षणांनी पक्के झालेले आहे.

लव्हजॉय यांचे नाव आणखी एका प्रयोगाशी जोडलेले आहे. त्या काळी ब्राझीलच्या कायद्यानुसार ॲमेझॉनमधील जमीनमालकाला निम्मे वन राखावे लागे. हे राखलेले तुकडे कोणत्या आकाराचे ठेवायचे ते आपण सुचवू, असे म्हणत त्यांनी १९७९ पासून मनौसजवळच्या गुरांच्या कुरणांमध्ये १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे राखून घेतले. कडेपासून सुमारे १०० मीटरपर्यंत ऊन आणि वारा शिरून मोठी झाडे झपाट्याने मरतात, हे तिथे कळले. आजूबाजूला झाडोरा परत उगवला की कडेची झळ कमी होते, हेही. लहान तुकडा म्हणजे जवळजवळ सगळी कडच, आणि तापत्या हवामानात कडच आधी वाळते, पेटते.

तोड रोखता येते याचा पुरावाही ब्राझीलनेच दिला आहे. २००४ मध्ये ॲमेझॉनमधील २७,७७२ चौरस किलोमीटर वन तोडले गेले. उपग्रहांची देखरेख, धाडी, कर्जबंदी आणि नवी राखीव क्षेत्रे यांच्या जोरावर २०१२ मध्ये हा आकडा ४,५७१ वर आला. २०२१ मध्ये तो पुन्हा १३,०००च्या वर गेला, २०२४ मध्ये सुमारे ६,३०० पर्यंत उतरला. तरीही २०२४ मध्ये जगाने ६७ लाख हेक्टर उष्णकटिबंधीय प्राथमिक, म्हणजे पूर्वी न तोडलेले, वन गमावले, आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट. हा विरोधाभास वरवरचा आहे. ब्राझीलचा सरकारी आकडा प्रामुख्याने सपाट तोडीचा असतो, तर जागतिक आकड्यात आगीत गेलेले वनही धरतात, आणि त्या वर्षी जवळपास निम्मे नुकसान आगीने केले. एरवी ओलसर वर्षावन सहजी पेटत नाही. तिथे आग बहुधा माणूस लावतो, अवर्षण ती पसरवते.

वन राखणाऱ्या देशांना मोबदला द्यावा, हा प्रस्ताव पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी २००५ मध्ये मांडला. त्यातून ‘रेड प्लस’ ही व्यवस्था उभी राहिली. याच कल्पनेवर चालणाऱ्या खासगी कार्बन-प्रकल्पांची अडचण अशी, की ‘प्रकल्प नसता तर किती वन तुटले असते’ हे कोणीच पाहिलेले नसते आणि तो आकडा फुगवण्यात विकणाऱ्याचा फायदा असतो. २०२३ मधील एका पाहणीत तपासलेल्या बहुतेक प्रकल्पांनी दावा केला त्यापेक्षा खूपच कमी तोड थांबवल्याचे दिसले. काँगो खोऱ्यातील पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) दलदलीसारख्या जागा तर मोबदल्याच्या हिशेबात अलीकडेच आल्या. तिथे जमिनीखाली सुमारे ३० अब्ज टन कार्बन असल्याचे २०१७ मध्ये प्रथम मोजले गेले.

तुटलेले वन परतही येते. सोडून दिलेल्या जमिनींवर उगवलेल्या वनांच्या २०२१ मधील तुलनेत माती दहा वर्षांच्या आत सावरल्याचे आढळले, जैवभाराला मात्र सुमारे १२० वर्षे लागतील असे दिसले. जवळ मूळ वन असेल आणि बी वाहणारे प्राणी उरले असतील, तर लागवडीची गरजही अनेकदा पडत नाही. मोठ्या बियांची झाडे धनेश, टॅपिर (डुकरासारखा, लवचीक नाकाचा मोठा प्राणी), माकडे यांच्यावर विसंबतात. शिकारीने हे प्राणी संपले, तर वरून हिरव्या दिसणाऱ्या वनात जड लाकडाच्या जातींची रोपे दिसेनाशी होतात.

तापमान चढते तसे वनालाही सरकावे लागते. पेरूच्या अँडीज उतारावरील नमुना क्षेत्रांत वृक्षगट वर्षाला सरासरी २.५ ते ३.५ मीटर उंचीकडे सरकताना आढळले. तापमानवाढीच्या हिशेबाने हा वेग अपुरा आहे. म्हणून संवर्धनाच्या आखणीत आता सपाटीपासून डोंगरमाथ्यापर्यंतचे वन सलग ठेवण्यावर भर दिला जातो. सखल ॲमेझॉनच्या मध्यभागी मात्र जवळपास डोंगरच नाहीत. तिथल्या झाडांना गारवा गाठायला शेकडो किलोमीटर जावे लागेल.