स्वमग्न मुलांचे प्रगतिमापन (खानदेश)

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम असलेले मूल बोलणे, खेळ, स्वतःची कामे आणि माणसांत मिसळणे यांत ठरावीक काळात किती पुढे सरकले, हे नोंदवण्याची पद्धत. निदान वेगळे, अपंगत्वाचे प्रमाणपत्र वेगळे आणि हे वेगळे. पालकांची गल्लत होते ती इथेच.

प्रमाणपत्रासाठी भारतात ‘आयएसएए’ (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही मापनश्रेणी वापरतात. तीत ४० बाबी असून प्रत्येकीला १ ते ५ गुण देतात. ७० पेक्षा कमी म्हणजे स्वमग्नता नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. आकडा वाढला म्हणजे अडचण वाढली, तेव्हा पेढे वाटू नयेत! वर्षभरात बरेच काही शिकलेल्या मुलाचा हा आकडा फारसा हलेलच असे नाही.

प्रगती मोजायची ती मुलाच्या स्वतःच्या जुन्या नोंदीशी. भाकरीचा तुकडा मोडून भाजीत बुडवून खाणे हे एक साधे काम घ्या. आधी आई हात धरून करवते, मग नुसता मनगटाला स्पर्श पुरतो, पुढे बोट दाखवले की भागते, शेवटी मूल आपणहून खाते. दहा घासांपैकी किती घास कोणत्या मदतीने घेतले, हे विशेष शिक्षक वहीत लिहितात. केंद्रात जमलेले घरी जमत नसेल, तर ते अर्धेच आले असे धरतात.

खानदेशात खरी मेख भाषेची. घरी अहिराणी, तावडी, भिली किंवा पावरी आणि चाचणीतले प्रश्न पुस्तकी मराठीत. ‘तुझे नाव काय?’ला गप्प बसलेला पोऱ्या ‘तुनं नाव काय शे?’ म्हटल्यावर मान वळवतो. बरीच स्वमग्न मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणतात. आई रोज ‘तुले पानी देऊ का?’ विचारते, म्हणून तहान लागली की मूलही ‘तुले पानी देऊ का?’ म्हणते. तेच मूल एके दिवशी ‘माले पानी दे’ म्हणाले, तर ती मोठी मजल आहे. अहिराणी न कळणाऱ्या परीक्षकाला यातला ‘तुले’ आणि ‘माले’ यांचा फरक सहज निसटतो. म्हणून मुलाची आजी किंवा गावची अंगणवाडी सेविका सोबत असणे बरे. मूल बोलत नसेल, तर आधी कान तपासून घेणे आलेच.

नोंद सरळ चढत जात नाही. श्रावणात कानबाई या देवीच्या सणाला, म्हणजे रोटाला, घर पाहुण्यांनी भरते, वाजंत्री येते, आणि मूल आठवडा-दोन आठवडे मागे गेल्यासारखे वाटते. ते दिवस वहीतून गाळू नयेत. तारखेसमोर ‘रोट’ एवढे लिहिले तरी पुरते.